सायकलच्या घरगुती दिव्याला बॅटरी कोणती घ्यावी?

डिसेंबरातली गोष्ट. ग्वाल्हेरच्या तानसेन समारोहातली रात्रीची मैफल ऐकून हजिऱ्याहून लष्कर भागातल्या घरी परतत होतो. सायकलला स्वतः बनवलेला एलईडीचा दिवा होता, आयुष्यातला पहिलाच. निघताना असा लखलखीत की पुढचा रिक्षावाला मागे वळून बघे. वाटेतल्या पडाव चौकाजवळ आलो आणि कुणी फुंकर मारावी तसा दिवा गेला. मंद झाला नाही, लुकलुकला नाही, सरळ गेला. वर धुकं असं की स्वतःचं पुढचं चाक दिसेना. उरलेला रस्ता मी सायकल हातात धरून, फुटपाथला चिकटून चालत आलो. आतल्या सेलवर ठळक अक्षरांत ९८०० एमएएच (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलात किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं होतं. चालला जेमतेम चाळीस मिनिटं.

तेव्हापासून कुणी विचारलं, 'बॅटरी कोणती घेऊ, जास्त वेळ चालेल अशी?' की मी उलट विचारतो, 'ती संपताना कशी संपेल, हे पाहिलंस का?' सायकलचा दिवा सांगून विझला पाहिजे. घरातली बॅटरी अचानक बसली तर आपण मेणबत्ती शोधतो. रस्त्यावर तेवढीही सवड नसते.

पुढचं सगळं नवख्यांसाठी आहे. तुमच्याकडे एक वॉटचा पांढरा एलईडी आहे, तोही ॲल्युमिनियमच्या छोट्या चकतीवर बसवलेला, आणि डाग द्यायला सोल्डरिंग आयर्न किंवा ते असलेला मित्र आहे, असं धरून चालतो. मल्टिमीटर नसेल तर आधी तो घ्या, अगदी साधा चालेल. बॅटरी त्यानंतर.

आधी अंधार मोजा

दुकानात जाण्यापूर्वी कागद घ्या आणि आठवड्यात आपण किती वेळ अंधारात सायकल चालवतो ते लिहा. माझ्या पुतण्याचं उदाहरण घेऊ. तो चिटणिसांच्या गोठीतून मुरारला क्लासला जातो. जाताना उजेड असतो, येताना रात्र. परतीची पस्तीस मिनिटं, आठवड्यातून सहा दिवस, म्हणजे २१० मिनिटं. साडेतीन तास झाले. चार्जिंग रविवारीच होणार, कारण मधल्या दिवशी तो विसरतो हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आता एलईडी किती खातो ते बघू. एक वॉटचा एलईडी पूर्ण तेजाने लावला तर साधारण ३.२ व्होल्टवर ३५० मिलिअँपिअर घेतो. पण वस्तीतल्या रस्त्यांवर, जिथे नगरपालिकेचे दिवे अधूनमधून का होईना लागलेले असतात, तिथे २०० मिलिअँपिअरवरही काम भागतं. डोळ्याला तो उजेड अर्धा वाटत नाही, थोडासाच कमी वाटतो. २०० मिलिअँपिअर गुणिले साडेतीन तास म्हणजे ७०० एमएएच. त्यात थंडी, सेलचं वय आणि पुतण्याचा विसराळूपणा यांच्यासाठी तेवढेच पुन्हा धरा. १४०० एमएएच झाले. एवढी लहान गरज असते! ९८०० चा आकडा बघून भुललो तेव्हा हा हिशोब मी केलाच नव्हता.

किल्ल्याच्या पायथ्याकडून किंवा शहराबाहेर जिथे रस्त्याला दिवेच नाहीत तिथून रोज जाणं असेल, तर पूर्ण ३५० धरा आणि तोच गुणाकार पुन्हा करा.

एक सावधगिरी. वेगवेगळ्या व्होल्टच्या बॅटऱ्यांची तुलना नुसत्या एमएएचवर करू नका. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करा, म्हणजे वॉट-तास मिळतात. १.२ व्होल्टचा २००० एमएएचचा सेल २.४ वॉट-तासांचा, आणि ३.६ व्होल्टचा २००० एमएएचचा सेल ७.२ वॉट-तासांचा. आकडा तोच, माल तिप्पट.

एलईडीचा स्वभाव

जुना टॉर्चचा बल्ब मोठ्या मनाचा होता. थोडे व्होल्ट जास्त झाले तर जास्त पेटायचा, कमी झाले तर पिवळा पडायचा. एलईडीचं तसं नाही. पांढऱ्या एलईडीला अडीच व्होल्ट दिले तर तो जवळजवळ झोपलेला असतो, तीनला जागा होतो, आणि त्यानंतर व्होल्टचा एकेक दशांश वाढला की करंट उड्या मारत चढतो. ३.२ व्होल्टवर सुखात असलेला एलईडी सरळ ४.२ व्होल्टच्या सेलला जोडला तर काही क्षण डोळे दिपतात आणि मग तो निळसर होऊन कायमचा जातो. लाल एलईडी आणखी कमी मागतो, साधारण १.८ ते २.२ व्होल्ट.

म्हणून मध्ये करंटला लगाम घालणारा रेझिस्टर हवाच. नवख्यांना मी एकच आकडा सांगतो: ३.३ ओहम, एक वॉटचा. पाव वॉटचा बारीक घेऊ नका, तो तापून काळा पडतो. या एका रेझिस्टरची गंमत अशी की तीन वेगळ्या बॅटऱ्यांना तो चालतो. तीन साधे अल्कलाइन पेन्सिल सेल, म्हणजे ४.५ व्होल्ट, जोडले तर साधारण ३५० मिलिअँपिअर मिळतात. तीन रिचार्जेबल पेन्सिल सेल जोडले तर दोनशेच्या आसपास. लिथियमचा एक गोल सेल जोडला तर पूर्ण भरलेला असताना तीनशे, आणि जसजसा सेल उतरेल तसतसे कमी कमी होत शंभराखाली.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. बाजारात ठरावीक करंट देणाऱ्या छोट्या ड्रायव्हर चकत्या मिळतात, आणि जाणकार मंडळी रेझिस्टरला नाकं मुरडतात, कारण त्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. बरोबर आहे त्यांचं. पण ड्रायव्हर शेवटपर्यंत सारखा उजेड देतो आणि मग सेल फार रिकामा होऊ नये म्हणून असलेलं संरक्षक सर्किट एका फटक्यात वीज तोडतं. माझं पडावाजवळ तेच झालं होतं. रेझिस्टरवरचा लिथियमचा दिवा मात्र आठवडाभर हळूहळू मंद होत जातो. बुधवार-गुरुवारकडे तुम्हाला स्वतःलाच वाटू लागतं की काहीतरी कमी आहे, आणि तुम्ही चार्जर शोधता. थोडी ऊर्जा जाईना का.

दुकानात काय काय मिळतं

सर्वात स्वस्त म्हणजे घड्याळात घालतो ते झिंक-कार्बन सेल. पुढच्या दिव्याला ते घेऊ नका. करंट थोडा जास्त मागितला की दहा-पंधरा मिनिटांत मान टाकतात, विसरले तर गळतात आणि होल्डरची स्प्रिंग खाऊन टाकतात. मागच्या लाल दिव्यात, जिथे एकेका एलईडीला जेमतेम २० मिलिअँपिअर लागतात, तिथे चालून जातील.

अल्कलाइन पेन्सिल सेल चांगले. कमी करंटवर २००० एमएएचच्या वर देतात. पण रोज सायकल चालवणाऱ्याला दर दोन आठवड्यांनी तीन सेल फेकणं परवडत नाही, आणि मनालाही बरं वाटत नाही. त्यांची खरी जागा दप्तरात. रबर लावून तीन सेल कायम ठेवून द्यायचे. अडल्या वेळी तेच, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही मिळणारे.

आता ज्याची मी पहिल्या दिव्यासाठी सरळ शिफारस करतो ते निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे रिचार्जेबल पेन्सिल सेल. एका सेलचे १.२ व्होल्ट, तीन मिळून ३.६. क्षमता १९०० ते २५०० एमएएच. पुतण्याचा १४०० चा हिशोब आरामात बसतो. आग लागण्याचं भय जवळजवळ नाही, थंडीत कुरकुर कमी, चार्जर तयार मिळतो, आणि सेल काढून आत न्यायचे असल्यामुळे सायकल जिन्यातच राहते. घेताना पाकिटावर 'चार्ज टिकवून ठेवणारे' अशा अर्थाचं काही लिहिलंय का ते पाहा. त्या जातीचे सेल वर्षभर कपाटात ठेवले तरी बराचसा चार्ज राखतात. साधे मात्र महिन्या-दोन महिन्यांत आपोआप रिकामे होतात.

एक पथ्य पाळायचं. तीन सेल एकाच दिवशी विकत घेतलेले, एकाच कंपनीचे आणि कायम एकत्रच वापरलेले हवेत. एक जुना, दोन नवे अशी भेसळ केली की जुना आधी रिकामा होतो आणि उरलेले दोघे त्यातून करंट ढकलत त्याला उलटा भरत राहतात. तो सेल त्यात मरतो. मी माझ्या तिघांवर मार्करने 'क' लिहिलं आहे, पुतण्याच्या तिघांवर 'प'. घरात रिमोटसाठी कुणी एक उचलून नेला की लगेच कळतं.

उणी बाजू म्हणजे निकेलचे सेल बराच वेळ एकसारखे जळतात आणि शेवटी पटकन उतरतात. लिथियमसारखी आठवडाभराची सूचना ते देत नाहीत. पण मंद होऊ लागल्यापासून घर गाठण्याइतका वेळ देतात, आणि दप्तरातले तीन अल्कलाइन आहेतच.

शिसं-आम्लाची, म्हणजे इमर्जन्सी लाइटमध्ये असते ती सहा व्होल्टची चौकोनी बॅटरी. आमच्या ढोलीबुवाच्या पुलाकडच्या एका काकांच्या सायकलला कित्येक वर्षं तीच होती, कॅरियरवर रबरी पट्ट्यांनी बांधलेली. त्याआधी त्यांच्याकडे टायरला घासणारा डायनामो होता, सहा व्होल्ट आणि तीन वॉटचा. चढावर पाय जड आणि चौकात थांबलं की दिवा गुल. त्या त्रासातून सुटायला त्यांनी बॅटरी बांधली. बॅटरी वाईट नाही, पण चार-साडेचार अँपिअर-तासांचीच पाऊण किलोच्या आसपास भरते, अर्ध्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर खराब होते, आणि रिकामी ठेवली तर महिन्या-दोन महिन्यांत कामातून जाते. आज नव्याने करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

लिथियम-आयनचा गोल सेल, ज्याला सगळे आकड्यानेच ओळखतात: १८६५०. हे काही गूढ नाही. अठरा मिलिमीटर जाडी, पासष्ट मिलिमीटर लांबी, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळी. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली, आणि पुढे लॅपटॉपच्या पोटात हेच सेल बसू लागले. एकाचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास, नेहमीचे व्होल्ट ३.६ ते ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२. पंचेचाळीस ग्रॅममध्ये आठ-नऊ वॉट-तास. तीन निकेल सेलांचं वजन त्याच्या दीडपटीहून जास्त आणि माल थोडा कमीच. म्हणून सगळे याच्यामागे लागतात. पण हा तापट स्वभावाचा पाहुणा आहे. जास्त भरला, शॉर्ट झाला, चेपला गेला तर पेट घेऊ शकतो. दुसरा-तिसरा दिवा बनवताना त्याला घरात आणा, पहिल्याच वेळी नको. आणि आणलात तर एकच सेल. दोन सेल एकामागे एक जोडून ७.४ व्होल्ट करायचा मोह होतो, पण मग दोघांचा समतोल राखणारं सर्किट, वेगळा चार्जर आणि वेगळी डोकेदुखी. एका वॉटच्या दिव्याला त्याची काही गरज नाही.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून सेल काढणारे पुष्कळ आहेत, मीही काढले. फोडताना स्क्रूड्रायव्हर सेलला लागता कामा नये. मल्टिमीटरवर दोन व्होल्टच्या खाली दिसला तर तो सेल चार्ज करून बघायचा नाही, बाजूला ठेवायचा. जो पूर्ण भरून आठवडाभर ठेवल्यावरही ४.१ च्या वर राहतो, तो कामाचा.

आता माझा आवडता, आणि ग्वाल्हेरच्या हवेला सर्वात मानवणारा: लिथियम आयर्न फॉस्फेट. आकड्याने ३२६५०, म्हणजे बत्तीस मिलिमीटर जाड, चांगला अंगठ्याहून जाडजूड. सौर पथदिव्यांत आणि शेतातल्या फवारणी पंपांत हा असतो, त्यामुळे सौर दिव्यांचं सामान विकणाऱ्याकडे चौकशी करा. नेहमीचे व्होल्ट ३.२, क्षमता ६००० एमएएचच्या आसपास, म्हणजे एकोणीस वॉट-तास. उष्णता लिथियम-आयनपेक्षा पुष्कळ समजुतीने सोसतो, सहजासहजी पेट घेत नाही, आणि दोन हजारांच्या घरात चार्जिंग झेलतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. ऑफिसबाहेर उन्हात उभ्या सायकलवरचा काळा डबा आतून किती तापत असेल, हात लावून बघा. तिथे हाच टिकतो.

याचे ३.२ व्होल्ट पांढऱ्या एलईडीच्या गरजेला जवळजवळ तंतोतंत जुळतात, म्हणून ३.३ ओहमचा रेझिस्टर इथे फार होतो, दिवा मरगळतो. एक ओहमचा लावा. स्वस्तातला एलईडी तरीही पूर्ण तेज दाखवणार नाही. माझ्या दिव्यात मीटरवर २२० मिलिअँपिअर दिसले आणि मला ते पुरले. दोष एकच: याचे व्होल्ट शेवटपर्यंत सपाट राहतात आणि मग कड्यावरून पडावं तसे पडतात. म्हणजे न सांगता विझणारा हाच. त्यावर उपाय त्याची मोठी क्षमता आणि ठरलेला वार. २२० मिलिअँपिअरने सहा हजार संपायला पंचवीस तासांच्या वर लागतात. दर दुसऱ्या रविवारी चार्ज केला तर पुतण्याचे सात तास होतात. कड्यापर्यंत जायची वेळच येत नाही.

आणि ज्याला यातलं काहीच नको, त्याने घरातली जुनी पॉवरबँक घ्यावी. यूएसबीची तार कापून, ५.१ ओहमचा दोन वॉटचा रेझिस्टर लावला की पाच व्होल्टवर एक वॉटचा एलईडी नीट लागतो. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. वर लिहिलेले १०००० एमएएच आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, पाच व्होल्टवर त्यातले सहा-साडेसहा हजारच हाती येतात. आणि करंट फार कमी घेतला तर बऱ्याच पॉवरबँका फोन काढून घेतला असं समजून स्वतःच बंद होतात. म्हणून मागचा लाल दिवा तिच्यावर टिकत नाही.

तसंही मागच्या दिव्याला स्वतंत्र बॅटरीच हवी. पुढचा गेला तर तुम्हाला दिसत नाही, मागचा गेला तर तुम्ही कुणाला दिसत नाही. दोन्ही एकदम जाणं परवडणारं नाही. दोन पेन्सिल सेल, तीन लाल एलईडी, प्रत्येकाला आपापला ४७ ओहमचा छोटा रेझिस्टर. इथे पाव वॉटचा चालतो. रिचार्जेबल सेल घालणार असाल तर २२ ओहम लावा, नाहीतर दिवा फिका पडतो.

खरा सेल, खोटा सेल

त्या ९८०० वाल्याकडे परत जाऊ. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर उत्तर मिळालं, 'भैया, माल तो एक नंबर है, आपकी वायरिंग में गड़बड़ होगी.' वायरिंग दोनदा तपासली. मग सेल खिशात घालून सराफ्यात आमच्या ओळखीच्या काकांकडे गेलो. त्यांच्या काट्यावर गिऱ्हाईक नसताना ठेवला: २९.४ ग्रॅम. सोबत लॅपटॉपमधून काढलेला एक जुना सेल नेला होता, तो ४५.८. काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, 'अरे, यात सोन्यापेक्षा खोटच जास्त आहे.'

तेव्हापासून माझी कसोटी हीच. नावाजलेल्या कंपन्यांचे १८६५० सेलसुद्धा ३५०० एमएएचच्या आसपास थांबतात. वर ५०००, ६८००, ९८०० असं काही छापलेलं असेल तर हातात घेऊ नका, कितीही स्वस्त असो. २२०० किंवा २६०० लिहिलेला सेल दिसला की उलट बरं वाटलं पाहिजे. मग वजन करा. चाळीस ग्रॅमच्या खाली भरला तर परत द्या. सराफाकडे जायला नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटाही चालतो. दुकानातच मल्टिमीटर लावा. नवा सेल साधारण साडेतीन ते पावणेचार व्होल्ट दाखवतो. तीनच्या खाली असेल तर तो फार दिवस पडून आहे. वरच्या प्लास्टिकच्या वेष्टनाखाली दुसरं वेष्टन दिसतंय का, टोकाला जुन्या डागाचे ओरखडे आहेत का, हेही बघा. लॅपटॉपमधून काढलेल्या सेलांना नवा झगा चढवून विकणं हा चांगला चाललेला धंदा आहे. भारतात लिथियमच्या रिचार्जेबल सेलांना आयएस १६०४६ या मानकाखाली नोंदणी सक्तीची आहे. वेष्टनावर किंवा खोक्यावर मानक संस्थेचं चिन्ह आणि नोंदणी क्रमांक असेल तर भरवसा वाढतो, पण काट्यावर ठेवणं तरी सोडू नका.

निकेलच्या पेन्सिल सेलांतही अशी थापेबाजी चालते. २५०० च्या वर फुगवलेले आकडे दिसले की पुढच्या दुकानात जा.

चार्जिंग

निकेलच्या सेलांसाठी प्रत्येक सेल वेगळा तपासून आपोआप थांबणारा चार्जर घ्या. रात्रभर लावून ठेवायचे जुने स्वस्त चार्जर थांबत नाहीत, सेल शिजवतात.

लिथियम-आयनसाठी टीपी-४०५६ नावाची नखाएवढी चकती मिळते. फोनच्या चार्जरवर चालते, एक अँपिअरने भरते आणि ४.२ व्होल्टला थांबते. तिचे दोन प्रकार असतात, आणि दुकानदार विचारल्याशिवाय स्वस्तातला देतो. तुम्हाला हवा तो संरक्षणवाला: ज्याच्या कडेला बॅटरीच्या दोन जागांशिवाय आउटपुटच्याही दोन वेगळ्या जागा असतात. सेल बॅटरीच्या जागी आणि दिवा आउटपुटच्या जागी जोडायचा. दिवा थेट सेलला जोडलात तर संरक्षणाला वळसा घातलात. चार्ज होताना लाल दिवा लागतो, भरला की निळा किंवा हिरवा.

हीच चकती आयर्न फॉस्फेटच्या सेलला लावायची नाही. त्याचं पोट ३.६५ व्होल्टला भरतं, ही चकती ४.२ पर्यंत कोंबत राहते. त्याला टीपी-५००० घ्या, आणि तिच्यावर ३.६ व्होल्टची निवड केलेली आहे ना, हे दुकानातच विचारा. घरी आल्यावर नुसत्या दुकानदाराच्या शब्दावर भरवसा ठेवू नका. पहिल्या चार्जिंगला मल्टिमीटर लावून शेजारी बसा.

सेलवर थेट डाग देऊ नका. सोल्डरिंग आयर्नच्या उष्णतेने आतला पडदा बिघडतो. स्प्रिंगवाला होल्डर घ्या आणि होल्डरच्या तारांना डाग द्या.

लिथियम-आयन शून्याखाली चार्ज करायचा नसतो आणि पंचेचाळीस अंशांवरही नाही. ग्वाल्हेरला पहिल्याची फारशी चिंता नाही, कारण थंडी कितीही कडाक्याची असली तरी घरात शून्य होत नाही. दुसऱ्याची आहे. उन्हाळ्यात गच्चीलगतच्या खोलीत दुपारी चार्जिंग लावू नका. पहाटे लावा, फरशीवर, पडदे-गाद्यांपासून दूर. हिवाळ्यात रजईवर किंवा पलंगाखाली तर नकोच. सेल फुगलेला, गळलेला किंवा हाताला चटका देईल इतका गरम वाटला तर त्याचा वापर तिथेच थांबवा.

डबा आणि घरची चाचणी

डबा हँडलवर टांगण्यापेक्षा फ्रेमच्या त्रिकोणात, सीटखालच्या नळीला बांधा. वजन खाली राहतं आणि खड्ड्यांचे धक्के कमी बसतात. जुना प्लास्टिकचा सांडगे-पापडांचा डबा उत्तम, पण पांढरा घ्या. काळा उन्हात तापतो. सेलभोवती स्पंजचा तुकडा कोंबा, म्हणजे स्प्रिंगमधून सुटणार नाही. खड्ड्यात दिवा क्षणभर विझून लागत असेल तर बॅटरीला दोष देऊ नका, होल्डरची स्प्रिंग ताणून बघा. तार डब्यात खालच्या बाजूने शिरू द्या. वरून शिरली तर पावसाचं पाणी तारेवरून चालत आत येतं.

मग चाचणी, आणि ही टाळू नका. संध्याकाळी सात वाजता दिवा लावून न्हाणीघरात भिंतीकडे तोंड करून ठेवा. दर अर्ध्या तासाने सेलचे व्होल्ट आणि भिंतीवरचा उजेड कसा वाटतो ते वहीत लिहा. माझ्या २६०० एमएएचच्या लिथियम सेलचं पान असं आहे: सातला ४.१५, 'झक्क'. दहाला ३.८ च्या आसपास, 'चांगला'. रात्री एकला ३.६, 'चालेल'. पहाटे चहाला उठलो तेव्हा ३.४, 'जवळचंच दिसतं, पण लोकांना आपण दिसू'. त्या शेवटच्या ओळीसाठी मी रेझिस्टरवर प्रेम करतो. तुमच्या बॅटरीचं पान वेगळं निघेल, पण ते एकदा निघालं की कुठल्या तारखेला चार्ज करायचं, हे कुणाला विचारावं लागत नाही.

स्विच चुकून चालू राहिला तर लिथियम सेल दिवसेंदिवस झिरपत राहतो. एलईडी विझल्यासारखा दिसत असला तरी थोडा करंट पितच असतो. घरी आलात की स्विचवर बोट फिरवायची सवय लावा. दोन-तीन महिने सायकल वापरणार नसाल तर सेल अर्धा भरलेला, होल्डरमधून काढून, थंड कपाटात ठेवा. निकामी सेल घंटागाडीच्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून, जिथे अशा बॅटऱ्या घेतात तिथेच द्या.

माझ्या डब्याच्या झाकणाला आतून बँड-एडची पट्टी चिकटवलेली आहे, तिच्यावर पेन्सिलीने चार्ज केल्याची तारीख. परवा पुतण्याने तिच्याखाली लिहून ठेवलं: 'काका, तुमचा सेल मी रिमोटला नेलेला नाही.'